वाळू वाजली का, सर?

लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताची परात घेऊन समोर थांबतो आणि विचारतो, "सर, ती वाळू खरंच वाजती का ओ?" एसटी स्टँडवर हाच प्रश्न, पतसंस्थेच्या रांगेत हाच, एकदा तर माती सावडायला गेलो होतो तिथंही. मी "वाजते की" म्हणतो. उत्तर बरोबर आहे, पेपरात पूर्ण गुण मिळतील असं. पण त्याची शेपटी धरून दुसरा प्रश्न येतोच: "तुम्ही ऐकलीत?" आणि मी होकाराची मान हलवतो.

ते मान हलवणं आता महागात पडायला लागलंय. मला नाही, दुसऱ्याला. 1998 च्या दहावीच्या बॅचमधला एक जण सध्या पुण्यात असतो. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: "सर, मे महिन्यात आम्ही चौघं कझाकस्तानला जातोय. तुमच्या त्या वाळूच्या टेकडीवर नेमकं कुठून घसरायचं म्हणजे वाजते तेवढं सांगा. पोरांना ऐकवायचंय." चार तिकिटं, आणि तीही मे महिन्यातली. तीन दिवस मी काही लिहिलं नाही. हे त्याला उत्तर, आणि तुम्हा सगळ्यांनाही, एकदाच.

आधी वाळूचं सांगतो. माझ्यामुळं तिच्यावर संशय नको. उतारावरची वाळू घसरताना घुमते, अशा जगात तीस-चाळीस जागा माहीत आहेत: मोरोक्को, ओमान, कॅलिफोर्निया, नेवाडा, चिली. चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या डोंगराचं तर नावच 'गाणाऱ्या वाळूचा डोंगर'. उतारावरची वाळू पाट धरून खाली सुटली की लाखो दाणे एकमेकांवर घासत एका तालात वर-खाली व्हायला लागतात आणि तो अख्खा उतार ढोलाच्या चामड्यासारखा हवेला धक्के देतो. सूर साधारण 70 ते 105 हर्ट्झचा. मर्दानी तंबोरा काळी एकला लावला तर त्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणून नववीला ध्वनीचा धडा आला की मी मिरजेच्या सतारमेकरांकडून एक तंबोरा दोन दिवसांसाठी मागून आणायचो. तार छेडायची आणि एकेकाला भोपळ्याला कान लावायला सांगायचं. पोरं दचकून मागं सरायची. मग मी म्हणायचो, आता असा भोपळा शंभर मीटर उंचीचा आहे असं समजा.

वाजायला अटी आहेत. दाणा गोल हवा, घासून गुळगुळीत झालेला, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा, आणि शेजारचाही त्याच मापाचा. पॅरिसच्या काही शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये छापलेला प्रयोग मला फार आवडतो. ओमानची वाळू सरमिसळ मापाची, तिचा आवाज फिसकटलेला. त्यांनी ती चक्क चाळणीनं चाळून एका मापाची केली, तर 90 हर्ट्झच्या आसपास एकच स्वच्छ सूर निघाला. कॅलिफोर्नियातला एक गट 2007 पासून म्हणतोय, सूर दाण्यावर नाही, वरच्या कोरड्या थराच्या जाडीवर ठरतो. ते भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. ओलाव्याबद्दल मात्र दोघांचं एकमत: वाळू ओली तर मुकी.

दरवर्षी मागच्या बाकावरून प्रश्न ठरलेला. "सर, मग आपल्या अग्रणीची वाळू का न्हाई वाजत?" मी सांगायचो, नदीची वाळू भरड, कोपरे असलेली, बारीक-मोठी मिसळलेली. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्याच बाकावरून दुसऱ्या कुणी तरी हळूच उत्तर दिलं, "वाळू ऱ्हायलीय कुठं, सर?" त्याच्या घरचाच ट्रॅक्टर रात्री नदीत असायचा, त्यामुळं पुढं मी काही बोललो नाही.

एकदा तरी जाऊन ऐकणार, असं मी 31 वर्षं प्रत्येक नववीला सांगत आलो. 2022 मध्ये निवृत्त झालो तेव्हा 98 च्या बॅचनं वर्गणी काढली आणि 65,000 रुपयांचं पाकीट हातात ठेवलं. वर लिहिलं होतं, 'सरांच्या वाळूसाठी'. आमच्या कवठेमहांकाळ तालुक्यात 'वाळूचे पैसे' म्हटलं की लोक आधी दार लावून घेतात. आम्ही सगळेच खूप हसलो होतो.

त्याच वर्षी कझाकस्ताननं भारतीयांना चौदा दिवस विनाव्हिसा यायला परवानगी दिली होती. दिल्लीहून अल्माटी जवळ, म्हणून तिथल्या अल्तिन-एमेल राष्ट्रीय उद्यानातली वाजणाऱ्या वाळूची टेकडी ठरली. हिचं तिकीट फंडातून काढलं. आणि 2023 च्या मे महिन्यात गेलो. मे का? कारण मास्तर माणूस मेमध्येच बाहेर पडतो. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, कुठल्याही महिन्यात जाता आलं असतं, पण सुट्टी म्हणजे मे हे हाडात बसलेलं. अल्माटीकडं एप्रिल-मे हे पावसाचे महिने. हे दोन मिनिटांत शोधता आलं असतं. दाण्याचं माप मायक्रॉनमध्ये पाठ होतं, पाऊस कधी पडतो ते बघितलं नाही.

आम्ही पोचलो त्या रात्री पाऊस आला. दुसऱ्या दिवशीही. आटपाडी-जतच्या शेजारी जन्म गेलेला माणूस मी. पावसाची वाट बघत म्हातारी झालेली माणसं पाहिलीत, स्वतःही होतोय. हॉटेलच्या खिडकीत उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा पावसाला शिवी घातली. ही म्हणाली, "असं बोलू नये."

तिसऱ्या दिवशी उघडलं. चार-साडेचार तासांचा रस्ता, मग बाश्शी गावात प्रवेशाची पावती, तिथून पुढं कच्चा. दोन काळपट बोडक्या डोंगरांमध्ये टेकडी एकटीच, कुणीतरी सुपातून ओतून ठेवावी तशी. हिचे गुडघे, म्हणून ती गाडीपाशी थांबली. ड्रायव्हरनं सीट मागं केली आणि टोपी तोंडावर घेतली. मी चढायला लागलो. दोन पावलं वर, एक खाली. वर पोचायला पाऊण तास लागला. धारेवर बसून हात वाळूत खुपसला. वरची चार बोटं कोरडी, गरम. त्याखाली गार. मुठीत आली ती वाळू मूठ उघडली तरी तशीच राहिली, बोटांचे ठसे घेऊन. घरात लाडूला रवा भाजून तुपात मिसळल्यावर जसा मुठीत धरतो, तशी. तेव्हाच कळलं.

तरी घसरलो. बसून, दोन्ही हातांनी वाळू ढकलत, पाचेक वेळा. वाळू सुटायची ती पाट धरून नाही, ढेकळं पडल्यासारखी, आणि पावलाभरावर थांबायची. कानात वाऱ्याचा आवाज, माझा श्वास. खाली ही हाताचा आडोसा करून वर बघत होती. 58 वर्षं पूर्ण झालेला माणूस बसून घसरतोय, परत चढतोय, परत घसरतोय. दुसऱ्या दिवशी परत यायला पैसे नव्हते आणि परतीचं विमान होतं.

इथपर्यंत सांगायला मला काही वाटत नाही. पुढचं सांगायचं म्हणून इतका वेळ घेतला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मला बोलावलं. शाल, श्रीफळ, हॉलमध्ये आठवी ते दहावी जमिनीवर, मागं 98 ची बॅच उभी. ही पहिल्या रांगेत खुर्चीवर, माझी शाल मांडीवर घेऊन. मी वाळवंट सांगितलं, पावती सांगितली, चढ सांगितला. मनात ठरवलं होतं की पावसापाशी आलो की हसत सांगून टाकायचं. पण पावसापाशी यायच्या आधीच नववीतली एक मुलगी उठली. दोन वेण्या, हातात वही. तिनं विचारलं, "सर, कसा होता आवाज?" होता का, असं नाही. कसा होता.

मी म्हणालो, "आधी पायाला कळतं. मग पोटात घुमतं. मग कानाला. लांबून विमान यावं तसं, पण ते जातच नाही. शेजारच्या ड्रायव्हरशी बोलायला मला ओरडावं लागलं, बाळ."

ड्रायव्हर खाली झोपलेला होता. ते ओरडावं लागणं माझं नाहीच, बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं आहे. तो इजिप्तच्या वाळवंटात फिरला आणि 1941 मध्ये त्यानं वाळूच्या भौतिकीवर पुस्तक लिहिलं. विमानाची उपमा तर जो तो देतो. मी वाचलेलं सगळं एकापाठोपाठ एक तोंडातून बाहेर पडत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर थांबवायचंही नव्हतं. मागं पाकीट जमवणारा पोरगा उभा होता, आता पंचेचाळिशीकडं झुकलेला, त्याचे डोळे भरले होते. ती मुलगी वहीत लिहून घेत होती.

"सर, रेकॉर्डिंग हाय का?" मागून कुणीतरी.

"मोबाइलचा स्पीकर एवढासा असतो, इतका खालचा सूर त्यातून बाहेरच पडत नाही," मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं आहे, कुठल्याही भौतिकीच्या माणसाला विचारा. त्या दिवशीचं माझं सगळ्यात लबाड वाक्य तेच.

मी हिच्याकडं बघितलं नाही. रिक्षात ती बोलली नाही. घराचं कुलूप काढताना पाठमोरी म्हणाली, "मी पण तिथंच होते की." आणि आत जाऊन कुकर लावला. तेव्हापासून कुणी वाळूचं विचारलं की ती चहा ठेवायला उठते.

मी तरी काय सांगायला हवं होतं? तुमचे 65,000 रुपये खर्चून ओल्या वाळूवर बसून आलो? तुम्हीच सांगा, तुम्हाला बरं वाटलं असतं? पोरांनी त्या दिवशी तरी भौतिकी कान देऊन ऐकलं. आणि वाळू वाजते हे काही मी खोटं सांगितलं नव्हतं.

हे मी स्वतःला बऱ्याच रात्री सांगितलंय. मग शाळेतला मी समोर उभा राहतो, हातात लाल पेन. प्रयोगवहीत पोरं निरीक्षणाच्या रकान्यात पुस्तकातलं उत्तर उतरवायची. लोलकाचा प्रयोग धड केलेला नसायचा आणि g ची किंमत मात्र नेमकी 9.8. मी कान धरून विचारायचो, "हे तू मोजलंस की वाचलंस?" प्रयोग फसला तर 'फसला' असं लिही, पाच गुण देईन; उतरवलंस तर शून्य. कितीतरी वह्यांवर तो शेरा असेल. तुमच्यातल्या काहींच्या वह्यांवरही.

नंतर, उशिरा, वाचताना लक्षात आलं. बाबरनं काबूलच्या उत्तरेकडच्या अशाच एका वाळूच्या उताराबद्दल लिहिलंय, ख्वाजा रेग-ए-रवान, की उन्हाळ्यात तिथून ढोल-नगाऱ्यांचा आवाज येतो असं लोक म्हणतात. म्हणतात. बादशहा माणूस, 'मी ऐकला' लिहिलं असतं तर कोण विचारायला जाणार होतं? चिलीत डार्विनच्या कानावर गावकऱ्यांकडून 'एल ब्रामादोर' या डरकाळणाऱ्या टेकडीची हकीकत आली. त्यानं सरळ लिहून ठेवलं की तेव्हा आपण नीट लक्ष दिलं नाही. मला हे दोघं आवडायला हवेत, पण त्यांचा रागच येतो.

आता एक गोष्ट राहिली. ती बचाव म्हणून सांगतोय की कबुली म्हणून, मला ठरवता आलेलं नाही. शेवटच्या घसरणीला, टेकडीच्या मावळतीच्या अंगाला, जिथं दिवसभर ऊन होतं तिथं, वाळू हातभर जास्त सरकली. तळव्यांना काहीतरी लागलं. भोपळ्याला कान लावल्यावर लागतं तसं, पण कानाला नाही, हाताला. एक श्वासभर. दमलेल्या माणसाच्या हातात नाडी उडतेच, तेही असेल. वाराही असेल. तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते कुठंतरी सापडावं म्हणून मनानंही केलेलं असेल. आधी मी हे कुणालाच सांगितलं नाही, कारण मोठं खोटं आधीच सांगून झालं होतं. त्यापुढं हे एवढंसं खरं, असलंच तर, कुठं लावायचं?

ही खाली होती. वारा तिच्याकडंच वाहत होता. "मी पण तिथंच होते की" याचा अर्थ मी त्या संध्याकाळी एकच लावला. दुसराही निघतो. तिला विचारलं की एका वाक्यात निकाल लागेल. विचारलेलं नाही.

तर बाबा, पुण्याच्या, तुझ्यासाठी. मे रद्द कर. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरला जा, आठ-दहा दिवस पाऊस नसेल तेव्हा. पोरांची शाळा बुडाली तर बुडू दे, मास्तर सांगतोय. हात खुपसून बघ. वीतभर खालीही वाळू कोरडी लागली तर वर जा. दुपार उलटल्यावर, जास्त खड्या उताराच्या बाजूनं. चौघांनी ओळीत बसून एकाच वेळी सुटा, एकट्यानं वाळूचा मोठा पाट सुटत नाही. पाटावर वाळू ढकलत राहा, थांबू नका. हातात एक दिवस जादा ठेव, मी ठेवला नव्हता.

आणि वाजली तर तिथून फोन लावू नकोस, फोनवर काही ऐकू यायचं नाही. आल्यावर घरी ये.