हंड्यावरचं नाव

नववीत असताना, १९८४ साली, शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी मी पानशेतच्या पुरावर गोष्ट लिहिली. पूर मी पाहिला नव्हता, पण पुण्याच्या नारायण पेठेत वाढलेल्या मुलांना तो ऐकून ऐकून पाठ असायचा. माझ्या गोष्टीत मध्यरात्री विजांच्या कडकडाटात लोंढा आला, नायकाने पाच जणांना वाचवलं आणि शेवटी तो म्हणाला, 'माणुसकी कधी मरत नाही!'

मराठीच्या बाईंनी वही परत दिली. खाली लाल शाईत एवढंच होतं: 'पूर किती वाजता आला, घरी विचार.'

आजी म्हणाली, "मध्यरात्री कुठला गं? दिवसाढवळ्या आलं पाणी. बुधवार होता." १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासलाही गेलं.

मी वेळ बदलून वही पुन्हा दिली. बाईंनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात थांबवलं. "तुझा नायक चांगला आहे, कबूल. पण चांगलं वागणं त्याला जड कुठे गेलं? त्याच्या जागी मी असते तर कशाला भुलले असते? ते सापडल्याशिवाय तुझी माणुसकी मला पटायची नाही."

तो प्रश्न घेऊन मी परत आजीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग मोरीजवळच्या तांब्याच्या हंड्याकडे तिने मान वळवली.

पूर ओसरल्यावर अंगणातल्या गुडघाभर चिखलात तिला तो सापडला होता. शहराला पाणी यायचं ते खडकवासल्याचं, आणि धरणच गेल्यावर नळ कोरडे. वाड्यावाड्यांतल्या विहिरी उपसून लोक पाणी भरत होते. आमची भांडी वाहून गेलेली, घरात तीन लहान मुलं. आजीने चिंच लावून हंडा घासला, तेव्हा काठाखाली कोरलेलं नाव वर आलं. दुसऱ्याच घरचं. आठ-दहा दिवसांनी एक बाई दिंडीदरवाजात उभी राहून विचारू लागली, आमचा हंडा दिसला का कुणाला? आत तो काठोकाठ भरलेला होता. आजी म्हणाली, "नाही हो."

पुढे आजी तिला शोधायला निघाली तेव्हा ते कुटुंब पेठ सोडून गेलं होतं.

मी उठून हंड्याजवळ गेले. नावाची बाजू भिंतीकडे होती. लहानपणापासून त्यातलं पाणी प्यायले, तो तसाच का ठेवतात हे कधी विचारलं नव्हतं.

आज मी दिवाळी अंकांसाठी कथा लिहिते. नव्याने लिहिणारी मुलं विचारतात, कथेचं सूत्र आधी ठरवायचं की नंतर? मला आधी-नंतरची फारशी फिकीर वाटत नाही. 'माणुसकी' हा शब्द घेऊन बसले तेव्हा माझ्या हाती भाषण लागलं होतं. कोरडा नळ, तीन तहानलेली मुलं आणि दारात उभी असलेली हंड्याची मालकीण एकाच जागी आली, तेव्हा दोन्ही बाजूंना वजन आलं. वाचकाला आजीला दोष देता येत नाही आणि तिला सोडूनही देता येत नाही. तिथे लेखकाने मध्ये पडून निकाल दिला की सगळं फसतं. मी तो दिलाच होता. तिसऱ्या खर्ड्याच्या शेवटी 'परिस्थिती माणसाला काय काय करायला लावते' असं वाक्य घातलं होतं. बाईंनी फक्त तेवढंच खोडलं. भिंतीकडे वळवलेल्या नावाखाली मात्र त्यांनी बारीक रेघ ओढली होती.

हस्तलिखितात द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "आजींना वाचून दाखवलंस?" दाखवलं नव्हतं. त्या रात्री वाचलं. आजीने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "दे. पण हंडा पितळी कर."

शाळेच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित अजून असेल, तर त्यात तो पितळी आहे.