तुम्ही विचारलंत म्हणून : मराठी माणसाला थाई सोपी जाते का?

बँकॉकमध्ये एक सत्र थाई भाषा आणि संस्कृती शिकून आले, तेव्हापासून हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याने उत्तरही धरलेलं असतं : त्यांच्या भाषेत इतकं संस्कृत आहे, तर आपल्याला सोपीच जाणार की! विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, विद्यापीठांची नावं चुलालंकरण आणि धर्मशास्त्र. आणखी काय हवं?

माझं उत्तर असं : वाचायला मदत होते, बोलायला जवळजवळ नाही. आणि जो तिथे सतत आपलंच काहीतरी शोधत राहतो, त्याला थाई ऐकूच येत नाही.

आधी मदतीचं सांगते. थाई लिपी कंबोडियाच्या जुन्या ख्मेर लिपीवरून आली आणि ती दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीवरून. वर्णमाला क पासून सुरू होते आणि आपल्याच क्रमाने कंठ्य, तालव्य अशी पुढे सरकते. ४४ व्यंजनं, त्यातली दोन आता वापरात नाहीत. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, स्वरचिन्हं व्यंजनाच्या मागे, पुढे, वर, खाली कुठेही बसतात. पण काना-मात्रा-वेलांटीची सवय असलेल्या डोळ्यांना हे परकं वाटत नाही. माझ्या वर्गातल्या इतर देशांच्या मुलांपेक्षा मी अक्षरं लवकर ओळखू लागले, ते याचमुळे.

गंमत पुढे आहे. आपण ज्या जागी ग म्हणतो, त्या जागी त्यांचं अक्षर आहे, पण उच्चार ख. ज चा छ, द चा थ, ब चा फ. म्हणून गुरू तिथे 'ख्रू' होतो आणि नगर 'नखोन'. मग ख उच्चाराची दोन-दोन अक्षरं कशाला ठेवली? तर मूळचा ख 'उंच' वर्गातला आणि मूळचा ग 'खालच्या' वर्गातला. उच्चारातला फरक गेला, पण जाताना सुरात उतरला, म्हणजे शब्द म्हणतानाच्या आवाजाच्या चढ-उतारात, जो बदलला की थाईत अर्थच बदलतो. अक्षर कुठल्या वर्गाचं, स्वर ऱ्हस्व की दीर्घ, शेवटी कोणतं व्यंजन, वर कोणती खूण, या सगळ्यावरून शब्दाचा सूर ठरतो. हे मला समजलं त्या दिवशी ही लिपी मला विलक्षण सुंदर वाटली, आणि अजून वाटते. शतकांपूर्वीचे उच्चार तिने जपून ठेवले आहेत. चुलालंकरणमधल्या शेवटच्या ण वर एक बारीक खूण असते : हा लिहायचा, उच्चारायचा नाही. त्याआधीचा र शेवटी न सारखा वाजतो, म्हणून ऐकू येतं 'चुलालोंगकोन'.

आता बोलण्याकडे येते. थाईत पाच सूर आहेत. 'खाव' पडत्या सुरात म्हटलं तर भात, खालच्या सुरात बातमी, चढत्या सुरात पांढरा. हे पाठ करणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते आपल्या मराठी सवयीला आवरणं. आपण प्रश्न विचारताना आवाज चढवतो, कंटाळलो की खाली आणतो, लाडात आलो की लांबवतो. थाईत आवाजाची ती पट्टी शब्दाने आधीच घेऊन ठेवलेली असते. मग राग, लाड, आर्जव जातं वाक्याच्या शेवटच्या छोट्या शब्दांत : 'ना', 'सि', आणि बाईच्या तोंडी आदराचा 'ख', जो साध्या वाक्यात पडता असतो आणि प्रश्नात उंच. आपल्याकडेही 'ना', 'की', 'बरं', 'हं' आहेतच. तिथे या शब्दांवर फार मोठा भार असतो. इथे कोणतंही संस्कृत कामाला येत नाही.

नात्यांचंही तसंच. अनोळखी माणसाला नात्याने हाक मारणं आपल्याला ओळखीचं, पण त्यांची मांडणी वेगळी आहे. आई किंवा वडिलांपेक्षा मोठा पुरुष 'लुंग', मोठी बाई 'पा'. मग ती व्यक्ती आईकडची असो की वडिलांकडची. धाकट्यांत उलट : आईकडचे सगळे 'ना', वडिलांकडचे सगळे 'आ', बाई असो वा पुरुष. आपण काका-मामा, आत्या-मावशी करतो ते बाजू आणि लिंग पाहून. ते आधी वय पाहतात. म्हणून पहिल्याच भेटीत कुणी वय विचारलं तर तो चोंबडेपणा समजू नका. वय कळल्याशिवाय तुम्हाला 'फी' म्हणायचं की 'नोंग', म्हणजे थोरलं की धाकटं, हेच समोरच्याला ठरवता येत नाही.

एक उदाहरण मुद्दाम देते. सत्राच्या सुरुवातीला एका गुरुवारी 'वाइ ख्रू' हा गुरुवंदनाचा सोहळा झाला. मुलांनी वाहायला आणलेल्या सजवलेल्या ताटात दूर्वा होत्या. माझ्या मनात लगेच गणपती! पण तिथे दूर्वा असते ती भराभर पसरते म्हणून. शिकणंही तसंच पसरावं. सोबत वांग्याची फुलं, कारण ती खाली झुकतात. आणि सुईसारख्या कळ्यांची इक्झोराची फुलं, बुद्धी तीक्ष्ण व्हावी म्हणून. आपल्या गणपतीवर थांबले असते तर वांग्याच्या फुलांकडे मी पाहिलंही नसतं.

तेव्हा कुणी जाणार असाल तर लिपी पहिल्याच आठवड्यात धरा. रोमन अक्षरांवर विसंबू नका. फलकांवरच्या सरकारी रोमन लेखनात सूरही दिसत नाही आणि स्वराचं ऱ्हस्व-दीर्घही. देवनागरीतही टिपणं काढू नका, वर मी केलं ते फक्त तुम्हाला सांगण्यापुरतं. आणि जिच्याकडे रोज जेवाल त्या 'पा'ला सांगा, माझा सूर चुकला की टोका. त्या टोकतात, आणि बरोबर म्हणेपर्यंत पुन्हा म्हणायला लावतात.