आजोबांनी नक्की काय केलं? एका रशियन शब्दावर गेलेला दिवस

मी पुण्यात राहून रशियनमधून मराठीत भाषांतर करते. बहुतेक काम रुक्षच, मशीनची मॅन्युअल्स, मेडिकलला रशियात गेलेल्या मुलांची सर्टिफिकेटं वगैरे, सबटायटलचं काम वर्षातून एखादंच येतं. म्हणून मागे एका एजन्सीचा फोन आला की छोटी रशियन वेब सिरीज आहे, शंभर वर्षांनंतरच्या खेड्याची, विनोदी, कराल का, तेव्हा मी पैसे न विचारताच हो म्हणून टाकलं.

हा प्रकार मला आधीपासून फार आवडतो. 2020 साली युट्यूबवर बर्चपंक नावाच्या चॅनेलने सर्गेई वासिल्येव या दिग्दर्शकाची 'किबेरदिरेव्न्या' ही शॉर्ट फिल्म टाकली होती, नावाचा अर्थ सायबर-खेडं, त्यात निकोलाय नावाचा शेतकरी, लाकडी घरं आणि सगळीकडे रोबोट. ती इतकी चालली की 2023 ला किनोपोइस्क या रशियन ओटीटीवर तिची अख्खी मालिका आली. चॅनेलच्या नावातला बर्च म्हणजे रशियन खेड्यात जिथे तिथे दिसणारं पांढऱ्या सालीचं झाड. या सगळ्या गोष्टींची गंमत एकच असते, तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलेलं असतं पण रस्ता तोच, चिखल तोच, कुंपण तसंच कललेलं. रशियनमध्ये या चिखलाच्या दिवसांना वेगळा शब्दच आहे, 'रास्पूतित्सा', वसंतात बर्फ वितळला की आणि शरदात पाऊस लागला की कच्चे रस्ते पार बसतात आणि गावं तुटतात.

माझ्याकडे आलेली सिरीज याच घराण्यातली होती. दोन दिवसांत बरंचसं काम उरकलं. एका ठिकाणी 'अवोस' आला, म्हणजे काही आधार नसताना होईल नीट असं धरून चालणं. बोटांवर 'रामभरोसे' आलं होतं, पण त्या बर्फातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी राम कसा घालायचा, म्हणून 'होईल काहीतरी' करून पुढे गेले.

अडले ते चौथ्या भागात. शेतात एक जुना रोबोट उभा आहे, त्याचा गुडघा मोडलाय आणि तिथे एक वालेंकी, म्हणजे लोकरीचा जाड बूट, उभा कापून तारेने गुंडाळलाय. शहरातून आलेली नात विचारते हे काय, आणि भाऊ म्हणतो, "एता द्येद नाकल्खोझिल." द्येद म्हणजे आजोबा. नाकल्खोझिल हे 'कल्खोझ'वरून आलेलं क्रियापद, कल्खोझ म्हणजे सोव्हिएत काळातली सामुदायिक शेती. आजच्या बोलीत याचा अर्थ घरच्या घरी, मिळेल त्या सामानातून ओबडधोबड काहीतरी जोडणं, गाड्या दुरुस्त करणारी पोरं हा शब्द सर्रास वापरतात. मी लिहिलं, 'हा आजोबांचा गावठी जुगाड.' एका ओळीत बसलं, एजन्सीतल्या मुलीने हसण्याचे तीन इमोजी पाठवले.

पाठवायच्या दिवशी दुपारी दोनला रशियन बाईंचा कॉल होता, तिकडे साडेअकरा. त्या त्वेर प्रांतातल्या, निवृत्त शिक्षिका, मला अडलेले शब्द सांगतात. मी प्रत्येक ओळीचा अर्थ परत रशियनमध्ये करून सांगते आणि त्या हो-नाही म्हणतात, अशी आमची पद्धत. या ओळीवर त्या गप्पच झाल्या. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाल्या, "तू आजोबांना हसतेयस. तो मुलगा हसत नाहीये."

आणि मग त्यांनी त्यांच्या आईबद्दल सांगितलं. 1932 च्या शेवटी सोव्हिएत देशात अंतर्गत पासपोर्ट सुरू झाले, म्हणजे देशातल्या देशात राहायला-फिरायला लागणारे, पण कल्खोझमधल्या बहुतेक शेतकऱ्यांना ते दिलेच नाहीत. गाव सोडून शहरात जायचं तर दाखला आणा. हा नियम 1974 मध्ये बदलला आणि प्रत्यक्ष वाटप 1976 ते 1981 चाललं. बाईंच्या आईला पहिला पासपोर्ट मिळाला 1977 ला, वयाच्या 41 व्या वर्षी! तो ती रुमालात बांधून कपाटात ठेवायची आणि कुठे जायची नाही, फक्त सणासुदीला काढून बघायची. बाई उठून आत गेल्या आणि रुमाल घेऊन आल्या, निळ्या चौकटींचा, एका कोपऱ्याला गाठ बसून बसून कापड पातळ झालेलं. पासपोर्ट आता नाही, रुमाल आहे. त्यांच्या गावात आज कोणीच राहत नाही. 2010 च्या जनगणनेत रशियात अशी एकही माणूस नसलेली 19 हजारांवर खेडी निघाली होती.

मला कोकणातलं आमचं घर आठवलं, कुलूप लावलेलं, मागच्या पडवीत काकांनी सायकलच्या ट्यूबने बांधलेला पंप अजून तसाच आहे. त्याला कोणी गावठी म्हटलं तर मला राग येईल, आणि मी इथे अगदी तेच लिहून बसले होते.

पुढचे तीन तास त्या एका ओळीवर गेले. 'ठिगळ लावलंय' लिहिलं, खोडलं. 'हाताने जमवलंय' बरं होतं पण त्यात चणचण दिसत नव्हती. आणि हसू जायला नको होतं, सीन विनोदीच आहे, बूट घातलेला गुडघा बघून कोणीही हसेल. शेवटी माझ्या आईच्या तोंडचंच वाक्य सापडलं, महिनाअखेरीला ती म्हणायची ते.

'आजोबांनी आहे त्यात भागवलंय.'

बाईंना परत फोन करून रशियनमध्ये अर्थ सांगितला. त्यांनी मराठीत म्हणून दाखवायला लावलं, मग स्वतः म्हणून बघितलं, 'भागावल्याय', दोनदा. म्हणाल्या, हे ठेव. एजन्सीतल्या मुलीला मी लांबलचक मेल लिहिला की शेवटच्या क्षणी ओळ का बदलतेय, तिचं उत्तर आलं, 'ओके ताई, माझी आजी पण असंच म्हणते', आणि पावणेआठला फाईल गेली.