ब्रेक ते क्लिक: नेदरलँड्समध्ये सायकलवर फिरताना फोटो

नेदरलँड्समध्ये चालत्या सायकलवर हातात मोबाइल धरायला 1 जुलै 2019 पासून बंदी आहे. सुरुवातीला दंड 95 युरो होता, नंतर तो वाढत गेला. फोन कानाला लावलेला नव्हता, फक्त फोटो काढत होतो, ही सबब चालत नाही. हातात धरला की नियम मोडला. हँडलवरच्या होल्डरमध्ये बसवलेला फोन चालतो. सायकल उभी करून, पाय जमिनीला टेकवून मात्र हवे तितके फोटो काढा. तसंही एका हाताने काढलेल्या फोटोंत क्षितिज कललेलं असतं आणि कोपऱ्यात अंगठा डोकावत असतो, त्यामुळे या कायद्याने फोटोग्राफीचं काहीही नुकसान झालेलं नाही. इथे ‘अचानक दिसलं आणि टिपलं’ असा फोटो हवा असेल तर शिकायचं ते थांबणं.

ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5 मीटर. बगळा दिसला, थांबायचं ठरवलं, मागे पाहिलं, ब्रेक लावला, एवढ्यात दहा-पंधरा मीटर सहज निघून जातात आणि चौकट मागे राहते. म्हणून नजर बाजूला न ठेवता पन्नासेक मीटर पुढे ठेवायची. पुढे पूल, वळण किंवा झाडांतली फट दिसली की पेडल मारणं आधीच थांबवायचं. तरीही पुढे गेलात तर सायकल वळवू नका. ती बाजूला लावा आणि चालत मागे या.

थांबण्याआधी डाव्या खांद्यावरून मागे एक नजर टाकणं सक्तीचं समजा. इथल्या लाल डांबराच्या सायकलमार्गांवर बॅटरीच्या सायकली ताशी 25 किलोमीटरने येतात, निळ्या नंबरप्लेटच्या हलक्या मोपेडही येतात, आणि सुट्टीच्या दिवशी रेसिंग सायकलवाल्यांचे घोळके असतात. मागचा माणूस वीस मीटरवर असेल तर तो तीन सेकंदांच्या आत तुमच्यावर आलेला असतो. मार्गावर मधोमध थांबलेल्या माणसाला इथे पर्यटक म्हणून सूट मिळत नाही, खरमरीत शब्द मिळतात. अख्खी सायकल उजवीकडच्या गवतात घ्या.

आता खास डच अडचण. भाड्याने मिळणाऱ्या साध्या सायकलींना अनेकदा हँडलवर ब्रेक नसतो, पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. अशा सायकलचं पेडल उभ्यानं मागे फिरवता येत नाही. जिथे थांबलं तिथेच अडकतं. नेमकं तळाशी अडकलं तर निघताना सायकल ढकलत नेण्याची कसरत करावी लागते. उपाय सोपा आहे. थांबताना दोन्ही पेडल आडव्या रेषेत आणा, डावा पाय मागे आणि उजवा पुढे ठेवा, आणि डाव्या पायाने ब्रेक दाबा. सायकल थांबत आली की तोच डावा पाय जमिनीवर टेकवा. उजवं पेडल पुढेच राहतं, म्हणजे फोटो झाला की त्यावर भार टाकून लगेच निघता येतं. दहा-वीस वेळा मोकळ्या जागेत केलं की पाय आपोआप करू लागतो.

स्टँड हा दुसरा त्रास. बाजूचा स्टँड डावीकडे असतो, म्हणजे उजवीकडे लावलेली सायकल मार्गाच्या बाजूला कलते. त्यात कालव्याकाठची माती भुसभुशीत, स्टँडचं टोक हळूहळू आत जातं आणि तुम्ही फोकस करत असताना मागे धप्प असा आवाज येतो. स्टँडखाली चपटा दगड किंवा चेपलेला डबा ठेवला की हा प्रश्न सुटतो. हँडलवर जड पिशवी असेल तर पुढचं चाक गर्रकन वळतं आणि सगळं आडवं होतं. अनेक डच सायकलींना चाक सरळ ठेवणारी स्प्रिंग याचसाठी असते. हँडलवर ब्रेक असलेल्या सायकलला पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबून त्याभोवती जाड रबरबँड किंवा वेल्क्रोची पट्टी अडकवा. त्याने सायकल मागे-पुढे सरकत नाही. आणि सपाट प्रदेशातल्या वाऱ्याला कमी लेखू नका: शक्य तेव्हा सायकलचं तोंड वाऱ्याकडे असावं, वारा आडवा बसला तर भरलेल्या पिशव्या शिडासारख्या फुगतात.

कॅमेरा मागच्या कॅरिअरवरच्या पिशवीत ठेवला तर तो निघणारच नाही. पाठीवरच्या सॅकचंही तेच. गळ्यात लटकवलेला कॅमेरा पेडल मारताना झुलतो आणि वाकलात की दांड्यावर आपटतो. तिरका पट्टा घालून कॅमेरा कमरेमागे नेला आणि छातीवरून दुसरी आखूड पट्टी बांधली तर तो स्थिर राहतो, पण त्यावर पडलात तर मणक्याला लागू शकतं. त्यापेक्षा हँडलवरची पिशवी बरी, तळाला दोन बोटं जाडीचा फोम घालून. विटांच्या जुन्या रस्त्यांवर हादरे चांगलेच बसतात. मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातलं, फोटो हलू न देणारं स्थिरीकरण बिघडू शकतं असा इशारा ॲपलने 2021 मध्ये दिला होता; सायकलला इंजिन नसलं तरी विटांवर फोन खिशात गेलेला बरा.

सेटिंग घरून निघतानाच करून ठेवा. फुल-फ्रेम (जुन्या 35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर 28 मिमी लेन्स, लेन्सचं छिद्र एफ 8, हाताने फोकस साडेतीन मीटरवर: साधारण पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. शटर 1/500 सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. मग फक्त कॅमेरा डोळ्याला लावायचा. शेजारून जाणारा सायकलस्वार टिपायचा असेल आणि मागची झाडं रेघांसारखी पुसट हवी असतील तर शटर 1/30 करून उभ्याउभ्या कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवा. दहांत एखादा जमतो. फोनवर ग्रिडच्या रेषा सुरू ठेवा, कारण इथे क्षितिज इतकं सरळ असतं की एक अंशाचा कलही खुपतो. हातमोजे असतील किंवा स्क्रीन ओली असेल तर आवाजाच्या बटणाने क्लिक करा.

प्रकाशाचं गणित आपल्याकडच्यापेक्षा फार वेगळं आहे. ॲमस्टरडॅम 52 अंश उत्तरेला. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 14 अंश वर असतो, म्हणजे पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाची सावली सात मीटर लांब. दिवसभर तिरपा, सोनेरी उजेड, पण साडेचारला खेळ संपतो. पाठीशी सूर्य घेतलात की तुमची आणि सायकलची सावली चौकटीत शिरते; एक तर तिला विषय करा, नाहीतर झाडाच्या सावलीत उभे राहा. जूनमध्ये उलटं. घड्याळ पुढे केलेलं असल्यामुळे सूर्य माथ्याशी येतो तो पावणेदोनच्या सुमारास, आणि मावळतो रात्री दहानंतर. तेव्हा संध्याकाळी सातच्या आधी निघायची घाई करू नये.

सपाट देशात उंची मिळते ती पाणी अडवणाऱ्या उंच बांधावर. तिथून कालवे, गाई आणि आकाश एका चौकटीत येतात. किंडरडाइकच्या 19 पवनचक्क्यांमधून सायकलमार्ग जातो, पण दुपारी तिथे गर्दीच जास्त. उघडझाप करणारे पूल मात्र हुकवू नका: बोट जाईपर्यंत सगळे सायकलस्वार निमूट थांबतात, आणि स्टँड लावायला निवांत वेळ असतो. ॲमस्टरडॅमच्या मुख्य स्टेशनामागून ‘आय’ नावाच्या पाण्याच्या पट्ट्यापलीकडे जाणारी फेरी बोट सायकलसह फुकट आहे. तीही तशीच संधी.

एप्रिलमध्ये लिस या गावाच्या आसपास ट्युलिप फुलतात तेव्हा शेतात पाय ठेवायचा नाही. शेतं खाजगी असतात, कंद तुडवले जातात, आणि बुटांच्या मातीतून रोग एका शेतातून दुसऱ्यात जातात. कडेला बसून, कॅमेरा फुलांच्या उंचीवर धरला की रांगा आपोआप दाट दिसतात.

माणसांचे फोटो सार्वजनिक रस्त्यावर काढता येतात. छापताना किंवा ऑनलाइन टाकताना मात्र डच कॉपीराइट कायद्यानुसार फोटोतल्या व्यक्तीला वाजवी कारण असल्यास हरकत घेता येते. ओळखू येणारी मुलं असतील तर पालकांना विचारूनच टाका.

इथे सायकलमार्गांच्या जाळ्यातल्या चौकांना आकडे दिलेले असतात; जागा नंतर आठवावी म्हणून त्या आकड्याच्या पाटीचाही एक फोटो घ्या. नकाशात तो आकडा शोधला की दोन चौकांमधला तुकडा सापडतो. मात्र एकच आकडा वेगवेगळ्या भागांत असतो, म्हणून सोबत गावाच्या नावाची पाटीही घ्यावी.