जुना कपडा आधी उलटा करून बघा

जुना कपडा हातात आला की मी तो आधी उलटा करते. रंग, छपाई, काठ हे सगळं नंतर. शिवणीत माया, म्हणजे आत जास्तीचं कापड, किती सोडली आहे, काजं हातानं केली आहेत की मशीनवर, चेन कुठे लावली आहे, एवढं बघितलं की तो साधारण कुठल्या काळात शिवला गेला याचा अंदाज बांधता येतो. वरवर बघून फसायला होतं, कारण फॅशन फिरून फिरून येते. फुग्याची बाही माझ्या आजीच्या फोटोत आहे, ऐंशीच्या दशकात ती परत आली आणि आज नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या दुकानांत पुन्हा टांगलेली दिसते. आतून मात्र या तिन्ही बाह्या वेगवेगळ्या असतात.

ब्लाउज शिवण्याचं आणि अल्टरचं माझं काम घरीच चालतं. जुन्या नाशकातले वाडे एकेक करून पाडले जातायत. माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, फ्लॅटमध्ये त्यांना जागा नसते, आणि मग कुणाचा तरी फोन येतो, "ताई, एकदा बघून जा, नाहीतर बोहारणीला देऊन टाकते." मी हातातलं काम ठेवून निघते. बोहारणीवर माझा काहीच राग नाही, तिच्यामुळे कितीतरी कपडे वापरात राहिले. पण साठ वर्षांपूर्वीचा, हातानं काजं केलेला ब्लाउज एका पातेल्यावर जायचा असेल, तर निदान तो काय आहे हे देणारीला माहीत असावं.

मध्यंतरी देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातून एक फ्रॉक माझ्याकडे आला. पांढऱ्यावर निळे ठिपके, सुती कापड, कमरेत घट्ट आणि खाली भरपूर घेर. लेबल नाही. उलटा केला तर डाव्या बगलेखालून कंबरेच्या खालपर्यंत धातूची चेन, वर आणि खाली दोन्हीकडे बंद. तिच्या वरच्या टोकाला एक टिचबटण. शिवणीच्या कडा इंटरलॉक केलेल्या नव्हत्या, झिगझॅग कात्रीनं कापलेल्या होत्या. खालची दुमड चांगली चार बोटं, आणि ती हातानं घातलेली.

आता हे जोडून वाचायचं. डाव्या कुशीतली धातूची चेन १९३० ते १९५० च्या दशकांतल्या फ्रॉकमध्ये सर्रास दिसते, पाठीमागची लांब चेन त्यानंतर रुळली. नायलॉनच्या चेनी साठच्या दशकापासून पसरल्या. घेराचं वेगळंच. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई होती. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आलं, त्यामुळे त्या वर्षांतले तिकडचे फ्रॉक आखूड, अरुंद, कमीत कमी चुण्यांचे. मग १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दिओरनं आपलं पहिलं कलेक्शन दाखवलं, बारीक कंबर आणि मीटर-मीटर कापड खाणारा घेर, आणि पुढची दहा वर्षं सगळं जग त्या आकाराच्या मागे गेलं. देवळाली लष्कराचं ठाणं, शिवाय मुंबईच्या पारशी कुटुंबांचं हवापालटाचं गाव, त्यामुळे तिथे हा आकार पोचला यात काही नवल नाही. मी तो फ्रॉक पन्नासच्या दशकातला धरते.

चेन नंतर बदललेली असू शकते, हे ध्यानात ठेवा. चेनीच्या दोन्ही बाजूंना जुन्या शिवणीची रिकामी भोकं दिसतात का ते उजेडात धरून बघा. भोकं दिसली तर चेनीवरून काळ ठरवू नका.

कापड स्वतःच बरंच बोलतं. पॉलिस्टरचा धागा १९४१ मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी शोधला. आपल्याकडे टेरिलिन, म्हणजे हेच पॉलिस्टर, आणि टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्रण, यांचं वेड साठ-सत्तरच्या दशकांतलं. तेव्हा टेरिकॉटचा शर्ट दाखवून कुणी "हा आजोबांच्या लग्नातला, १९३८ चा" म्हणालं, तर तो लग्नातला नाही, हे नम्रपणे सांगावं. ताणून सोडल्यावर जागेवर येणारा स्पँडेक्सचा धागा १९५८ चा. शंका असेल तर आतल्या मायेतून एकच धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. रेयॉन सुतासारखंच जळतं, म्हणून खरं रेशीम समजून घेतलेली "आर्ट सिल्क"ची, म्हणजे नकली रेशमाची, साडी या परीक्षेत लगेच उघडी पडते.

यापेक्षाही मला आवडतात ते कागद. ट्रंकेत साडीचा पुठ्ठ्याचा खोका, टेलरचं बिल, कापडाच्या किनारीवरचा गिरणीचा शिक्का असं काही सापडलं तर ते फेकू नका, कारण त्यात तारीख लपलेली असते. बिलात आणे असतील तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा लगेच नंतरचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी सुरू झाली. "न. पै." म्हणजे नये पैसे असं लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४, कारण १९६४ मध्ये "नया" शब्द काढून नुसता पैसा उरला. शिक्क्यावर लांबी यार्डात असेल तर बहुधा मेट्रिक मापं सक्तीची होण्याआधीचं, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचं. दुकानाच्या पत्त्यात "मुंबई नं. २" एवढंच असेल तर १९७२ च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी, कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. आणि इंग्रजीत "बॉम्बे" छापलेलं असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचं. लालबाग-परळच्या गिरण्यांचे शिक्के तर मी जपूनच ठेवते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्यातल्या कितीतरी गिरण्या पुन्हा धड उभ्याच राहिल्या नाहीत. परदेशी तयार कपड्यावर धुण्याच्या सूचनांचं लेबल शिवलेलं असेल तर तो बहुतेक सत्तरच्या दशकातला किंवा नंतरचा.

आपल्या पोशाखांच्या आकाराबद्दल थोडक्यात सांगते. चाळीस-पन्नासच्या दशकांतले ब्लाउज, ज्यांना आजी पोलकं किंवा झंपर म्हणायची, लांबीला पोटापर्यंत, बाही फुग्याची किंवा कोपरापर्यंत. त्यानंतरच्या ब्लाउजचे टक्स टोकदार, काही वेळा बटणं पाठीवर. साठ-सत्तरला लांबी कमी झाली, स्लीव्हलेस आले, मुंढा इतका घट्ट की आजची मुलगी हात वर करू शकत नाही. कुर्ते अंगाला चिकटलेले, दोन्ही बाजूंना चिरलेले, खाली चुडीदार. पडद्यावर हा घट्ट कुर्ता-चुडीदार अभिनेत्री साधनानं लोकप्रिय केला आणि तो बेतला कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांनी, ज्यांना पुढे १९८३ मध्ये वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. एका मराठी बाईनं शिवणीच्या रेषेवरून सगळ्या देशातल्या मुलींच्या कपड्यांचा आकार बदलला. सत्तरमध्ये बेलबॉटम, मॅक्सी, मोठ्या फुलांच्या नायलॉन साड्या. ऐंशीत खांद्याला पॅड आणि पुन्हा फुगे, पण या वेळी आत कडक कॅनव्हास घालून उभे केलेले. आजीच्या फुग्यात कॅनव्हास नसतो, नुसत्या हातानं ओढलेल्या चुण्या असतात. सुरुवातीला तिन्ही बाह्या वेगळ्या म्हणाले त्यातला एक फरक हा.

पैठणीबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार, कारण येवलं आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तरी आपल्याकडे लोक फसतात. पदर उलटा करा. खऱ्या हातमागाच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीनं विणतात आणि शेजारच्या धाग्यात अडकवतात, म्हणून मोर असो, असावली असो, मुनिया असो, दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. मागे लोंबते धागे असतील, किंवा ते कापून टाकल्याची लव दिसत असेल, तर ती वेगळ्या विणीची साडी. ती वाईट म्हणायची नाही, पण पैठणीच्या भावात घ्यायची नाही. जुन्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी असायचं. काठाचा निखळलेला तुकडा नखानं खरवडला की खाली पांढरी चांदी दिसते. तांबूस दिसलं तर तांब्याची तार. नऊवारी मधून कापून सहावारी केलेली असेल तर एक टोक नंतर दुमडून शिवलेलं असतं, तेही बघा.

जुनी जर घेणारे गल्लीतून फिरतात. वजनावर पैसे देतात आणि साडी जाळून चांदी काढतात. घरात अडचण असेल तर कुणी काय करावं हे मी सांगणार नाही. पण नुसती जागा अडते म्हणून असं करू नका. आणि धड असलेली पैठणी कापून कुर्ता शिवायला मी नकार देते, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. रेशीम घडीवर चिरलेलं असेल, अंग उरलेलं नसेल, तेव्हा मात्र काठ आणि पदर वेगळे काढून नव्या कापडावर लावते, मनापासून लावते.

आता घालायचं कसं. माझं मत ठाम आहे: अंगावर जुनी वस्तू एकच, बाकी सगळं आजचं आणि साधं. देवळालीचा तो फ्रॉक माझ्या भाचीनं मैत्रिणीच्या साखरपुड्याला मागितला. तिनं सगळं ठरवलं होतं, मोत्यांची माळ, लाल लिपस्टिक, केसांना वळणं.

मी म्हटलं, "अगं, गॅदरिंगमधल्या नाटकाला निघाल्यासारखी दिसशील."

"मग काय घालू, मावशी?"

कोल्हापुरी चपला, रोजची वेणी, कानात छोटे खडे आणि वर गडद निळं साधं स्वेटर, कारण डिसेंबर होता आणि संध्याकाळी आपल्याकडे बोचरं वारं सुटतं. स्वेटर कमरेपर्यंतच हवं, नाहीतर फ्रॉकची कंबर झाकली जाते आणि त्याचा सगळा आकार मरतो. ती फार सुंदर दिसली, आणि लोकांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग फ्रॉककडे.

घेर एकाच ठिकाणी असावा. खाली बेलबॉटम तर वर अंगाबरोबरचा साधा टॉप, पँटची लांबी तुम्ही जी चप्पल घालणार आहात तिच्यावर उभं राहून ठरवायची. साठच्या दशकातला आखूड कुर्ता चुडीदारवर जुना दिसतो, घोट्याच्या वर संपणाऱ्या सरळ सुती पँटवर एकदम आजचा. आईची मोठ्या फुलांची नायलॉन साडी असेल तर तिच्यातला सगळ्यात कमी वापरलेला रंग शोधा, हिरव्या पानाच्या कडेची मोहरी रेघ वगैरे, आणि त्या रंगाचा बिनछपाईचा ब्लाउज शिवा. मॅचिंग फूल शोधत बसू नका. आजीचं इरकल लुगडं पांढऱ्या शर्टावर नेसता येतं, शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडून. खणाचं जुनं पोलकं बसत असेल तर त्याच्याबरोबर एकरंगी सुती साडी, आणि गळ्यात काही नको, खणाच्या विणीत आधीच पुरेसं काम आहे. वडिलांचा टेरिकॉटचा बुशशर्ट जीन्सवर मस्त जातो, फक्त उन्हाळ्यात नको, त्यात घाम जिरत नाही.

मापाच्या आकड्यावर जाऊ नका. कपडा सपाट पसरून बगल, कंबर आणि सीट मोजा, दुप्पट करा, आणि तुमच्या अंगाच्या मापापेक्षा निदान इंचभर सैल हवा. जुन्या शिवणीत माया भरपूर असते, ती उसवून वाढवता येतं, पण आतलं कापड न विटलेलं असतं, त्यामुळे गडद पट्टी दिसते. म्हणून मी आधी मुंढ्यात, बगलेपाशी, कळी म्हणजे कापडाचा छोटा जोडतुकडा घालते. तिच्यासाठी कापड खालच्या दुमडीतून काढायचं, ते त्याच कपड्यातलं असतं आणि बगलेखाली रंगाचा फरक फारसा दिसत नाही.

घालण्याआधी खिडकीशी धरून बगल आणि सीट तपासा. दोन अंगठ्यांनी हलकं ताणल्यावर धागे सुटत असतील तर तो कपडा आता अंगावर घालण्याजोगा नाही. अशा वेळी मी त्याच्यावरून कागद कापून घेते आणि नव्या कापडात तोच बेत शिवते. त्या ठिपक्यांच्या फ्रॉकचा कागद तयार आहे, कंबर वाढवून घेतलेली. कुणाला शिवायचा असेल तर ४४ इंच पन्ह्याचं चार मीटर सुती कापड आणा, आधी भिजवून वाळवलेलं, आणि धातूची चेन मिळाली तर तीच. लावणार डाव्या कुशीतच.