अंबापाणीचा ड्रेस आहे का?

जानेवारीचा तिसरा आठवडा म्हणजे आमच्या धंद्याची दिवाळी. चोपड्यात माझं फॅन्सी ड्रेस भाड्याने द्यायचं दुकान आहे. जिजाऊ, सावित्रीबाई, भारतमाता सगळ्या टांगलेल्या असतात, पण 26 जानेवारीला झाशीच्या राणीपुढे कोणाचं काही चालत नाही. शिवलेली नऊवारी, फेटा, पुठ्ठ्याची तलवार आणि पाठीला बांधायची बाहुली, असा सेट जातो. त्यात पारोळा आमच्या जिल्ह्यातलं. राणीच्या सासरचं नेवाळकर घराणं पारोळ्याशी जोडलेलं, म्हणून इकडे राणी घरचीच वाटते.

बाहुली मात्र मला खटकते. राणीचा दत्तक मुलगा दामोदरराव 1858 साली चांगला 8-9 वर्षांचा होता. ग्वाल्हेरजवळच्या शेवटच्या लढाईत राणी घोडेस्वाराच्या पुरुषी वेषात होती. पण गिऱ्हाइकाला हे सांगून उपयोग नाही. बाहुली नसेल तर राणी वाटतच नाही म्हणतात.

त्या दिवशी दुपारी गर्दीतच सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका आश्रमशाळेचे सर एका मुलीला घेऊन आले. सातवी-आठवीतली असेल. मी सवयीने नऊवारी काढायला लागले तर सर म्हणाले, "ताई, राणी नको. अंबापाणीचा ड्रेस आहे का?"

अंबापाणी मी ऐकून होते, नाही असं नाही. पण त्याचा ड्रेस? सरांनी काउंटरला टेकून सगळं सांगितलं. सातपुड्यातल्या सेंधवा घाटाच्या रखवालीवर असलेले भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक इंग्रजांविरुद्ध उठले, दुसरे भिल्ल पुढारी भीमा नाईक त्यांच्याबरोबर. झाशी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पडली आणि 11 एप्रिल 1858 ला इकडे सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली. पकडलेल्या कितीतरी जणांना जागच्या जागी खटला उरकून गोळ्या घातल्या. बायका शेकड्यांनी कैद झाल्या. भीमा नाईकांची आई सुरसी मंडलेश्वरच्या तुरुंगात गेली.

"म्हणून मला बेड्या पाहिजेत," सर म्हणाले. भगतसिंगाच्या सेटमधला साखळदंड माझ्याकडे होता, प्लॅस्टिकचाच, पण काळा रंग दिलेला. मी तो काढून ठेवला.

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने साखळी बोटाने बाजूला सारली. "बेड्या नको सर. मला लढायचंय."

"अगं, लढल्याचं कुठे लिहिलंय? कैद झाल्याचं लिहिलंय."

"पकडल्या, म्हणजे तिथे होत्याच ना? मग नुसत्या उभ्या होत्या का?"

सर हसले, पण उत्तर त्यांना सुचेना. मलाही सुचेना. झाशीत बायका तोफांवर राबत होत्या, दारूगोळा वाहत होत्या, हे लढायला आलेल्या इंग्रजांनीच लिहून ठेवलंय, म्हणून तरी आपल्याला ते कळतं. डोंगरातल्या बायकांचं लिहिणारं कोण होतं? जो मोजत होता तो कैदी मोजत होता. एवढं सगळं मला तिथे बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, मी फक्त म्हटलं, "सर, पोरगी बरोबर बोलतेय."

मग शोधाशोध सुरू झाली. रामाच्या सेटमधला सोनेरी कागदाचा धनुष्यबाण दाखवला, तर तिने दोरी एकदा ओढून बघितली आणि खुदकन हसली. "काकू, ह्याने चिमणीपण मरायची नाही. तिरकामठा माझ्या काकाकडे आहे, खरा." लुगडी काढली तर सगळी जरीच्या काठांची, झगमगीत. "ही नेसून डोंगरात पळता येतं का?" हाही तिचाच प्रश्न. मी नेसवायला गेले, तर तिने माझ्या हातातून पदर काढून घेतला आणि स्वतःच गुडघ्याच्या वर घट्ट कासोटा मारून दाखवला. एवढी वर्षं सेफ्टी पिना लावून मुली उभ्या करतेय मी. पिनेशिवाय इतकं पक्कं नेसलेलं माझ्या दुकानात कोणी पाहिलं नव्हतं. रांगेतले एक भाऊ आपल्या मुलीच्या राणीचा फेटा हातात धरून बघत राहिले. घाई त्यांनाच होती, तरी बोलले नाहीत.

शेवटी लुगडं घरचं, तिरकामठा काकाचा, गोफण करायची ती शाळेतली मुलंच वळणार, असं ठरलं. माझ्याकडून काही न्यायचंच उरलं नाही. सर ओशाळले. "तुमचा वेळ घेतला ताई, निदान साखळी तरी देऊन ठेवा. शेवटच्या प्रवेशाला लागेल."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती थोडा विचार करून म्हणाली, "चालेल. पण आधी पूर्ण लढाई होऊ द्यायची. मधेच बेड्या घालायच्या नाहीत."

"नाही घालत, बाई!" म्हणत सरांनी साखळीचं भाडं आणि डिपॉझिट काउंटरवर ठेवलं. मी पावती फाडली.