शेरा: दात किडके

शाळेत डॉक्टर येणार हे आदल्या दिवशी सांगायचे, ते एवढ्यासाठीच की पोरांनी नखं कापून, धुतलेला गंजीफ्रॉक घालून यावं. तपासणी मुलांची, अब्रू पणाला आयांची. ऐंशीच्या दशकात ठाण्यातल्या आमच्या शाळेत वर्षातली एक सकाळ या कामी जायची. सदरे काढून रांग लावायची. डॉक्टर जीभ, दात, डोळ्यांच्या पापण्या बघून मोठ्यानं सांगत आणि बाई लिहून घेत. ‘दात किडके.’ ‘रक्त कमी.’ ‘डोक्यात उवा.’ सगळा वर्ग ऐकत असे, त्यामुळे मधल्या सुट्टीपर्यंत शेऱ्याचं टोपणनाव झालेलं असायचं.

खरी गंमत डोळ्यांच्या तक्त्याची. त्यासाठी वीस फूट अंतर लागतं, म्हणून तो व्हरांड्यात टांगत. खडूच्या रेघेवर उभं राहायचं, एका डोळ्यावर तळहात ठेवायचा आणि वरच्या ठसठशीत अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत वाचत जायचं. रांग मात्र वाचणाऱ्याच्या पाठीलाच चिकटलेली. पुढच्या चार जणांचं वाचून होईतो शेवटची ओळ पाठ! तीसपर्यंतचे पाढे घोकणाऱ्या पोरांना पाच-सहा अक्षरांचं काय? माझ्या शेजारी बसणारा मुलगा अशीच दरवर्षी ‘दृष्टी उत्तम’ मिळवायचा. फळा दिसत नाही म्हणून माझ्या वहीतून उतरवून घ्यायचा आणि कॉपी केली म्हणून छड्या खायचा. पुढे टीव्हीला नाक लावून छायागीत बघताना मामानं पकडलं, तेव्हा त्याला चष्मा लागला.

आपल्याकडे शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी 1909 साली बडोद्यात झाली. पुढे 1960 मध्ये नेमलेल्या रेणुका राय समितीनं शाळेत प्रवेश घेताना एकदा आणि मग दर चार वर्षांनी तपासणी करा, असं सुचवलं. कागदावर सगळं चोख होतं. आमच्याकडे गाडं अडायचं ते चिठ्ठीपाशी. ‘पालकांनी दवाखान्यात दाखवावे’ अशी चिठ्ठी दप्तरात जायची आणि बहुतेक वेळा तिथंच तिचा लगदा व्हायचा. घरी पोचली तरी वागळे इस्टेटमध्ये पाळी करणारा बाप सकाळच्या केसपेपरच्या रांगेसाठी खाडा कशाला करेल? आणि दात तर दुधाचेच, पडतीलच की, हा आजीचा निकाल. पुढच्या वर्षी तोच दात, तोच शेरा.

त्यापेक्षा आम्हाला भिंतींनी जास्त शिकवलं. ‘देवीचा रोगी कळवा आणि 1000 रुपये मिळवा.’ (खाडीपलीकडच्या कळव्याच्या पोरांनी या ओळीवरून काय काय ऐकून घेतलं असेल!) हजार म्हणजे तेव्हा केवढी रक्कम. सुरुवातीला बक्षीस पन्नासाचं होतं. रोगी मिळेनासे झाले तसतसं ते वाढत गेलं. देशातल्या देवीचा शेवटचा रुग्ण मे 1975 मधला, 1977 मध्ये भारत देवीमुक्त ठरला, तरी ऑइलपेंटमधली ती आशा पुढं कित्येक वर्षं भिंतीवर टिकून होती. कुष्ठरोगाची ओळ बधिर चट्ट्याबद्दल असायची. ती वाचून आम्ही एकमेकांच्या गालांवरचे पांढरे डाग चिमटे काढून तपासत असू. सगळेच ओरडायचे, म्हणजे सगळेच ठणठणीत.

मलेरियावाल्यांचा ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ हा आदेश मात्र कुणा चाळकऱ्यानं लिहिलेला नसणार. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून मधे एकदा भांडी कोरडी करायची, हे शास्त्र बरोबरच. पण पहाटे तासभर येणाऱ्या पाण्यावर घर चालवणारी बाई भरलेलं पिंप मोरीत ओतेल होय? शेवटी त्यावर फडकं बांधणं एवढीच तडजोड व्हायची.

आता मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 2013 च्या फेब्रुवारीत त्याची सुरुवात झाली ती पालघरला, तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात. त्यात जन्मजात व्यंगापासून वाढीतल्या विलंबापर्यंत सगळं तपासून पुढच्या उपचारांसाठी पाठवायची सोय केलेली आहे. मला मात्र जास्त आवडते ती जंतनाशक दिनाची गोळी. ती घरी पाठवत नाहीत, बाईंच्या समोर चावून खायची असते. हे ठरवणाऱ्यानं दप्तरातल्या चिठ्ठ्यांचा लगदा नक्की पाहिला असणार.